पडलेलं वजन

९ नोव्हेंबर, रविवार

जे घडलं ते, क्रमानं. मत नको.

१. मंगळवारी बाजार आवारात, गुरुपादप्पांच्या मिरचीच्या गोदामात, मोठ्या काट्याची तिमाही तपासणी होती. मी एकटी गेले. संजूअण्णा म्हणाला होता, बेळगावला काम आहे.
२. भाड्याच्या गाडीतून वीस किलोचं वजन काढताना कंबर धरली. वजन हातातून सुटलं. काट्यावर नाही, फरशीवर. फरशीचा टवका उडाला, वजनाची कड फुटली.
३. मी मिरचीच्या पोत्यावर बसून राहिले. हमालांनी पाणी दिलं. रिक्षानं घरी.
४. बुधवारी संजूअण्णा घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. आईला म्हणाला, "आत्या, तिला आराम करू दे. आवाराचं मी बघतो."
५. शुक्रवारी गुरुपादप्पांचा फोन. आवारातल्या सगळ्या काट्यांच्या तपासणीचं काम अण्णानं स्वतःच्या नव्या दुकानाच्या नावावर करून घेतलं होतं. दुकान लॅमिंग्टन रोडला. पाटी आधीच रंगवून तयार.
६. काम घेताना तो व्यापारी आणि हमाल सगळ्यांसमोर कन्नडमध्ये बोलला: तिच्यानं वीस किलो उचलत नाही. हे काम बायकांचं नव्हे. अप्पांनी उगाच तिला दुकानात बसवलं.

सहाव्या मुद्द्याचं मराठी मी केलंय. मूळ वाक्य याहून वाईट होतं.

सख्खा मामेभाऊ. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, हाताला धरून काटा खोलायला शिकवलेला.

यापुढे या वहीत तो अण्णा नाही. सं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर: मणका ठीक, चकती ठीक.
"काम काय करता?"
वजनकाटे दुरुस्ती. दिवसभर टेबलाशी वाकून सोल्डरिंग, मधेच उठून वीस किलो उचलणं.
"आणि या दोन्हींच्या मधे काय करता?"
काही नाही.
"मग कंबर तरी काय करणार?"

पेढे अजून फ्रीजमध्ये. आईनं एक खाल्ला. मी बघत होते म्हणून दुसरा ठेवून दिला.

कमरीपेठेतलं दुकान अप्पांच्या नावाचं. ते गेल्यावर मी आणि सं. मिळून चालवत होतो. आवाराचं काम गेलं म्हणजे दुकान अर्ध्याहून कमी उरलं. आता किराणावाल्यांचे टेबलकाटे आणि सराफांचे छोटे काटे, एवढंच.

मार्चअखेर आवाराचं काम वर्षासाठी पुन्हा ठरतं. ते परत आणायचं. तो जिथे बोलला तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, वीस किलो उचलून.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. औषधापेक्षा.


१७ नोव्हेंबर, सोमवार

केशवापुरात शांतक्कांची सकाळची बायकांची बॅच. शांतक्का शाळेत पी.टी. शिकवायच्या, आता निवृत्त. जागा म्हणजे त्यांच्या घराचं गॅरेज आणि पुढचं अंगण. यंत्रं नाहीत. दोऱ्या, वाळूच्या पिशव्या, एक जुनी गदा.

मी सांगितलं, मला वीस किलो उचलायचंय.
त्यांनी मला केरसुणीची काठी दिली.
"हे?"
"हेच. पाठीला लावून वाक. काठी पाठीपासून सुटली की परत."
काठी सुटली. पुन्हा सुटली. "बेन्नु नेट्टग!" म्हणजे पाठ सरळ. हे वाक्य आज इतक्यांदा ऐकलं की घरी येऊन भात वाढून घेतानाही पाठ सरळ केली.

शेजारी महानंदा होती. तिचं ज्वारीच्या भाकऱ्यांचं केंद्र आहे, सहा बायका कामाला. तिचा खांदा भाकऱ्या थापून गेलेला. मला म्हणाली, "काठीवर एवढा राग? बघ हं, मोडशील, झाडायचं आम्हाला आहे."

मी हसले नाही. नंतर रिक्षात हसले.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फुटलेलं वजन दुकानात कोपऱ्यात पडून होतं. कड फुटली की वजन प्रमाण राहत नाही. किती कमी भरतं ते मोजलं. फार नाही, पण आमच्या कामात ‘फार नाही’ असं काही नसतं. बाद.

पिशवीत घालून शांतक्कांकडे नेलं. म्हणजे नेता आलं नाही, रिक्षावाल्यानं उचलून ठेवलं. सोबत अप्पांच्या वेळची बाद झालेली लहान वजनं पण, पाचची, दोनची. बायका खूश. शांतक्कांनी फुटलेलं हातानं चाचपलं.
"हेच का ते?"
गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.
"हेच."
"मग हे शेवटी. आधी पाचचं."


२ डिसेंबर, मंगळवार

दुकानातलं टेबल वर घेतलं. पायांखाली लाकडी ठोकळे. आता उभं राहून काम. महानंदानं सुचवलं. तिनं केंद्रातल्या चुलींचे ओटे असेच वाढवून घेतलेत, पोरी आता कंबर धरून बसत नाहीत म्हणे.

फरक लिहून ठेवते. चांगला असला तरी.
दुपारी जेवणानंतर जी गुंगी यायची ती येत नाही. काल सराफाचा काटा खोलला आणि पहिल्या खेपेतच बंद केला. पूर्वी दुपारी केलेलं काम संध्याकाळी पुन्हा उघडून बघायची सवय होती. विश्वास नसायचा. काल उघडलं नाही.
गिऱ्हाइकावर खेकसणं कमी. हे आईचं निरीक्षण. माझं नाही.

शांतक्कांच्या बॅचमध्ये बहुतेक सगळ्या धंदेवाल्या. लॅमिंग्टन रोडला वह्या-पुस्तकांचं दुकान असलेली एक, शिवणकामवाली एक. सगळ्यांचं म्हणणं एकच: नोकरीवालीला आजारपणाची रजा असते, आपण पडलो की शटर पडतं. मी हे बोलले नसते, पण खरं आहे. मी पडले आणि तीन दिवसांत पाटी लागली.

पाटीवर रोज नजर जाते. बस तिथूनच जाते. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं. वाकताना डोळ्यांसमोर तीच ठेवते. उचलताना पण.


१४ डिसेंबर, रविवार

लग्न. मामांच्या शेजारचे. जाणं भाग.

सं. भेटला. नवा शर्ट.
"काय गं रेवा, पैलवान व्हायलीस म्हणे?"
"कोण म्हणालं?"
"सगळेच म्हणायलेत. केशवापुरात बायका लोखंड उचलतात म्हणे. कशाला गं? आता उचलायचं काम तुला राहिलंय कुठं?"
चारचौघं हसली. त्यात मामी.
मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही उचलत."
खोटं बोलले. त्याच्यासाठीच उचलते.

एक नोंद. पंगत खाली होती. सं. खाली बसला नाही, टेबल-खुर्ची मागवली. जेवून उठताना टेबलाला हात टेकला, मग दुसरा. हसत होता, पण हसू थोडं उशिरा आलं.

लक्षात ठेवायचं.


२० डिसेंबर, शनिवार

महानंदाच्या केंद्रातला काटा दुरुस्त करून दिला. पिठाचा. तिनं सोबत भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली, वर शेजारच्या खानावळवाल्याला घेऊन आली. त्याचाही काटा. मग त्याचा साडू, किराणावाला. सकाळच्या बॅचमधून दुकानाला इतकं काम येईल हे माझ्या हिशेबात नव्हतं.

"तू रोज येतीस म्हणून," महानंदा म्हणाली. "रोज येणारी बाई काटा पण वेळेवर देणार, असं वाटतं माणसाला."

भाकरी खाल्ली.


२९ डिसेंबर, सोमवार

उचललं. फुटलेलं वीस किलो. जमिनीवरून, पाठ न वाकवता, गाडीच्या फळीच्या उंचीपर्यंत. तिथे ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

शांतक्कांकडे बघितलं. आता बस म्हणतील.
"इन्नोंद्सल." पुन्हा एकदा.
पुन्हा उचललं.
बायकांनी टाळ्या वाजवल्या. महानंदा: "आता कुणाच्या डोक्यात घालणार ते सांग, आम्ही बाजूला होतो."
पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हसले.

मार्चची वाट बघायला लागणार. हरकत नाही. लोखंड गंजत नाही एवढ्यात.


९ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर गेले नाही. आधी ताप, मग काम साठलं, मग नुसताच आळस. परिणाम: काल एका काट्यात लोडसेलच्या तारा उलट्या जोडल्या. लोडसेल म्हणजे वजनाचा दाब ओळखणारा तुकडा, चूक झाली की काटा उणे दाखवतो. गिऱ्हाईक हसलं. मी त्याच्यावर ओरडले. मग आईवर. मग सं.च्या पाटीवर, मनात.

आज परत गेले. शांतक्का: "राग यायलाय का?"
"हो."
"कुणावर?"
"सगळ्यांवर."
"मग आठवडाभर तुझी घडी बसली नाही. रागाला उचलू देऊ नको. त्याला दारात बसव. तू रोज ये, एवढंच बघ."

राग दारात बसवून आले. घरी परतताना बरोबर घेतला.


१६ जानेवारी, शुक्रवार

सविस्तर लिहायला हवं.

गुरुपादप्पांनी बोलावलं. त्यांच्या कचेरीतला लहान टेबलकाटा बिघडला होता. तो आवाराच्या कामात येत नाही, म्हणून मला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा गोदामात पाय ठेवला. मिरचीचा खकाणा. दारातच टवका उडालेली फरशी. हमालांनी तिला नाव दिलंय: तंगीची फरशी. तंगी म्हणजे धाकटी बहीण. हे नाव ऐकून काय वाटलं ते लिहीत नाही.

टेबलकाटा झाला. निघताना हमालांचा मुकादम यल्लप्पा मोठ्या काट्याशी उभा. हे लोक जेवणानंतर काट्यावर उभे राहून एकमेकांची चेष्टा करतात, रोजचा खेळ.
"तंगी, ये की. पैलवानीण किती भरते बघू."
"नको."
"लाजायलीस काय? आम्ही सांगत नाही कुणाला."
सगळे हसले. गुरुपादप्पा पण.
चढले. अलीकडच्या कडेवर, जिथे पाय आला तिथे.
यल्लप्पानं आकडा वाचला. "एवढीच? मिरचीचं पोतं बरं की!"
मी म्हटलं, काहीतरी चुकलंय. शांतक्कांकडे महिन्याच्या सुरुवातीला वजन केलं, ते याहून जास्त होतं. तिथला काटा मीच दुरुस्त केलेला आहे, त्यामुळे वाद नाही.
काट्याच्या मधोमध सरकले. आकडा वाढला. पलीकडच्या कडेला गेले, तसाच राहिला. परत अलीकडच्या डाव्या कोपऱ्यात. कमी. अर्ध्या किलोहून जास्त कमी.
यल्लप्पा थांबला. "हे काय?"
पुन्हा मध्ये, पुन्हा कोपरा. तेच.

मोठ्या काट्याला चार कोपऱ्यांखाली चार लोडसेल असतात. एक ढिला झाला की त्या कोपऱ्यावरचं वजन कमी दिसतं. मधोमध ठेवलं तर कळत नाही. म्हणून तपासणीत वजनं चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायची. अप्पा यावर अडून बसायचे. "हमाल पोतं खांद्यावरून उतरवतो ते जवळच्या कडेला. मधे नेऊन कोण ठेवणार?" म्हणायचे. वीस-वीस किलोची वजनं घेऊन चार कोपऱ्यांना फिरायचं, वाकायचं, उचलायचं, पुन्हा वाकायचं. कंटाळवाणं. कंबरेचं.

सं.नं डिसेंबरच्या अखेरीस हा काटा तपासलाय. गुरुपादप्पांना विचारलं, वजनं कुठे ठेवली होती?
"मधे. एकावर एक."
"कोपऱ्यात?"
"नाही. आता नवीन पद्धत आलीय म्हणाला."

अशी पद्धत नाही.

घरी येताना बसमध्ये पाटी दिसली. आज पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बरं वाटलं.


१७ जानेवारी, शनिवार

अंदाजावर काही करायचं नाही. आज स्वतःची प्रमाण वजनं घेऊन गेले. गुरुपादप्पांची परवानगी.

एकेक वजन मीच उतरवलं. यल्लप्पा पुढे झाला, "दे इकडं."
"नको. माझी फरशी आहे, जरा लांब रहा."
हमाल हसले. मग हसायचे थांबले. मी डावा कोपरा केला, उजवा केला, मागचे दोन केले. प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण भार. पाठ सरळ. मला कुठेतरी शांतक्कांचा आवाज ऐकू येत होता. शेवटचं वजन उतरवून गाडीत ठेवलं.

नोव्हेंबरपासून हा क्षण मी रोज उचलत आलेय. आला तर सं. तिथे नव्हता. त्याच्याशिवाय तो अर्धाच.

डावा पुढचा कोपरा कमी. नक्की.

गुरुपादप्पा खुर्चीत बसले. "म्हणजे तीन आठवडे माझ्या दारात लोकांची मिरची कमी भरली? माझ्या काट्यावर?"
"हो."
"मी पैशासाठी केलं म्हणणार लोक."
म्हणणारच.
मग म्हणाले, "तो तुझ्याबद्दल माझ्यासमोर बोलला, मी ऐकून घेतलं. आता तू सांग तंगी. वजनमापं खात्याच्या साहेबांना लिहा म्हणालीस तर मी सही करतो. त्याचं लायसन जाईल तर जाऊ दे."

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. काट्यावर कागद चिकटवला: वापरू नये. तो बाद आहे हे खात्याला आजच कळवलं, ते कळवावंच लागतं. का बाद झाला आणि कुणी तपासला होता, ते अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन. ते आधी कोण सांगणार, एवढाच प्रश्न आहे.

सोमवारपर्यंत का थांबा म्हटलं, माहीत नाही. चव घ्यायची होती बहुतेक.


१९ जानेवारी, सोमवार

आवारातले बाकीचे काटे बघितले, व्यापाऱ्यांना विचारून. सगळीकडे एकच उत्तर: मधे, एकावर एक. तपासले. आणखी एका काट्याचा कोपरा कमी निघाला. बाकी नशिबानं ठीक. तिथेही कागद.

संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तीन वाक्यं, बसमध्ये पाठ केलेली.

शटर अर्धं. सं. स्टुलावर, शर्टावरून कमरेला रुंद पट्टा. मला बघून उठायला गेला, उठला नाही.
"रेवा? बस की."
बसले नाही. वजनं शटरजवळ, खाली. त्यांच्यावर धूळ.
"गुरुपादप्पांच्या काट्याचा पुढचा डावा कोपरा कमी भरतोय. आणखी एक काटा पण."
चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"
"मीच उभी राहिले काट्यावर."
तो पट्ट्याच्या बकलाशी खेळायला लागला.
"डिसेंबरपासून धरलीय," म्हणाला. "एकेक वजन उचलून मधे ठेवतो, तेवढंच होतं. ते पण रात्रभर झोपू देत नाही."
"मग सांगायचं होतंस."
"कुणाला?" पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल काय बोललो होतो ते आठवतंय ना तुला? त्यानंतर मी कुणाला सांगू की माझ्यानं पण उचलत नाही म्हणून?"

पाठ केलेली तीन वाक्यं बोलले नाही. तो आधीच पडलेला होता, त्यात माझा काही हात नव्हता, आणि हेच मला सहन झालं नाही.

फक्त विचारलं, "व्यायाम काय करतोस?"
"व्यायाम? वेळ कुठंय? धंदा नवा आहे."

बाहेर पडले. पाटीच्या खाली उभी राहून पाटी वाचली. रंग एका कडेला उडायला लागलाय. ऊन थेट पडतं तिथे.


२१ जानेवारी, बुधवार

आईला सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं.
"तुझ्या मामाचा पोरगा आहे गं."
"म्हणूनच."
"म्हणूनच काय?"
"परका असता तर त्याच दिवशी साहेबांकडे गेले असते."
आईनं काम पुन्हा हातात घेतलं. मग, "अप्पा असते तर?"
"अप्पांनी त्याला चारही कोपरे शिकवले होते. तो विसरला नाही, त्यानं गाळले."

सकाळी शांतक्कांना विचारलं. सगळं नाही, थोडं. पुरुषाला बॅचमध्ये घेता का?
"पुरुषाला? ह्या बायकांत?" महानंदा खो खो हसली. "ये म्हण की, केर काढायला एक माणूस हवाच होता."
शांतक्का हसल्या नाहीत. "कंबर?"
"हो."
"कोपऱ्यात उभा राहील आणि तोंड उघडणार नाही, तर येऊ दे. काठीपासून सुरुवात. तुझ्यासारखीच."

मला हे नको होतं. म्हणजे मी विचारलं, पण त्यांनी नाही म्हणावं असं वाटत होतं.


२३ जानेवारी, शुक्रवार

गुरुपादप्पांचा फोन. तक्रार तयार आहे, त्यांनी सही केलीय, माझ्या सहीची जागा रिकामी. "तू म्हणशील तेव्हा."

दुकानातलं काम नेहमीसारखं. सकाळी उचललं, दिवसभर टेबलाशी उभी, संध्याकाळी शटर ओढताना कंबर आठवली नाही. हे आता रोजचं झालंय, लिहायचं कारण नाही. पण लिहिते. नोव्हेंबरमधे हे नव्हतं, आणि हे नसतं तर मी त्या काट्यावर चढले नसते.

विचार केला: सही केली तर काय. त्याचं लायसन जाईल, पाटी उतरेल. लोक म्हणतील, बहिणीनं भावाचं दुकान बंद केलं. सहाव्या मुद्द्याचं कुणाला आठवणार नाही. माझी फरशी तशीच राहील, तंगीची.
सही नाही केली तर काय. दोन कोपऱ्यांवरची मिरची कुणाची होती ते मला माहीत नाही, पण ती कमी भरली.

दोन्ही चालणार नाहीत. तो वाचणार नाही आणि मी त्याला मारणार पण नाही. त्यानं ते स्वतः उचलायचं.


२४ जानेवारी, शनिवार

सकाळी पत्र पाठवलं. इथे उतरवून ठेवते, शब्द न बदलता.

संजूअण्णा,

आवारातल्या दोन काट्यांचे पुढचे कोपरे कमी भरत होते. काटे बाद असल्याचं मी खात्याला कळवलं आहे. का, ते तू सांगायचं आहेस.

१. गुरुवारी सकाळी मापं खात्यात तू स्वतः जायचं. चारही कोपरे तपासले नव्हते, हे तूच सांगायचं. कंबरेचं सांगायचं की नाही, ते तुझ्यावर. पुढे साहेब जे ठरवतील त्यात मी बोलणार नाही.

२. काटे दुरुस्त झाल्यावर आवारात सगळ्यांसमोर पुन्हा चारही कोपऱ्यांची तपासणी होईल. वजनं मी उचलेन. तू समोर उभा राहून आकडे वाचायचे. मोठ्यानं.

३. नोव्हेंबरमध्ये माझ्याबद्दल जे बोललास ते चूक होतं, हे त्याच लोकांसमोर सांगायचं. गोदामाच्या दारातल्या टवका उडालेल्या फरशीवर उभं राहून. कन्नडमध्ये, कारण बोललास तेही कन्नडमध्ये. मराठीत सांगितलेलं मी मोजणार नाही.

४. आवाराचं काम मार्चमध्ये अप्पांच्या दुकानाला परत. तू त्यासाठी अर्ज करायचा नाहीस.

यातलं एकही नको असेल तर तक्रारीवर माझी सही होईल. गुरुपादप्पांची झाली आहे.

आणखी एक. ही अट नाही. केशवापुरात शांतक्का सकाळी घेतात. तुला घ्यायला त्या तयार आहेत. कोपऱ्यात उभं राहावं लागेल आणि बोलता येणार नाही. सुरुवात केरसुणीच्या काठीनं होते. तिथे एक फुटलेलं वीस किलोचं वजन आहे, ते तुला ओळखीचं वाटेल. ते शेवटी.

हो की नाही, ते बुधवारी, २८ तारखेला, मी दुकान बंद करायच्या आत कळव. फोन नको. लिहून.

रेवती